कंसातले शब्द आणि आप्पांचा पंचनामा

संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेला माणूस एकटा जाऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेल्या संस्थेनं निरीक्षक म्हणून नाव कळवावं लागतं, आणि संस्थेला प्रवेशाचे बिल्ले मोजकेच मिळतात. आमच्या संस्थेच्या दोनपैकी एक माझ्या वाट्याला आला. रावेरहून मी थेट अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला पोचलो, नोव्हेंबर २०२४ मध्ये.

पहिले दोन दिवस मी मोठ्या सभागृहात पुढाऱ्यांची भाषणं ऐकली. ते दिवस वाया गेले. खरं काम लहान खोल्यांत चालतं. पडद्यावर ठरावाचा मसुदा असतो, समोर दोन समन्वयक, एक श्रीमंत देशाचा आणि एक विकसनशील देशाचा. न पटलेला शब्द चौकोनी कंसात जातो. मतदानाचा नियम १९९५ पासून आजवर मंजूरच झालेला नाही, म्हणून सगळं सहमतीनं. वाद पेटला की निरीक्षकांना बाहेर काढतात. मग दाराशी ताटकळायचं.

एका शब्दाची किंमत मला घरीच कळली होती. मे महिन्यातल्या वादळात आमची निसवलेली केळी आडवी झाली. मुळं वर आलेली, घड मातीत. पंचनाम्यात मात्र लिहिलं ‘अंशतः नुकसान’. आप्पांनी घाईत सही केली. तो एक शब्द बदलून घ्यायला आम्ही आठ महिने चकरा मारल्या. बदलला नाही.

२१ नोव्हेंबरच्या मसुद्यात हवामान बदलाशी लढायला गरीब देशांना दरवर्षी मिळायच्या रकमेच्या जागी नुसतं ‘एक्स’ होतं. मी आप्पांना फोनवर सांगितलं.

“रक्कम लिहिल्याशिवाय सही करू नका म्हणा त्यांना,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी २५ हजार कोटी डॉलरचा आकडा आला. परिषद २२ तारखेला संपायची, ती २४ च्या पहाटेपर्यंत लांबली आणि ३० हजार कोटींवर थांबली, तेही २०३५ पर्यंत गाठायचं उद्दिष्ट. मागणी होती १.३ लाख कोटींची. तो आकडाही कागदावर आहे, पण क्रियापद बघा: ३० हजार कोटींसाठी परिषद ‘ठरवते’, १.३ लाख कोटींसाठी ‘आवाहन करते’. शिवाय श्रीमंत देश पैसे ‘देतील’ असं नाहीच. ते ‘पुढाकार घेतील’, आणि खासगी पैसाही त्यातच धरायचा.

ठराव मंजूर झाल्याची हातोडी पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलल्या. हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ऐकताना माझे डोळे भरून आले. पण ठराव झालेला होता.

पुढे जाणाऱ्यांना एकच सांगतो, जूनमधली जर्मनीतल्या बॉनची तयारीची बैठक चुकवू नका. नोव्हेंबरचे बरेचसे कंस तिथंच पडतात आणि गर्दीही कमी असते. मी आता तिथं जायची खटपट करतोय. जूनमध्ये आमची मृगाची लागवड असते. तेवढी माझ्याशिवाय उरकायचं आप्पांनी कबूल केलंय.