मॅनिफोल्डमधलं भोक आणि चढावरचा आकडा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा भरणारं यंत्र. त्याच्या दुरुस्तीच्या कामात हाती येतात ते बहुतेक मेलेले टर्बो. टर्बाइनच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या, हाउसिंगला आतून भेगा, कधी सिलिंडरमधला एक्झॉस्ट गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा मॅनिफोल्डच तडकलेला. मालक सांगतो, "अचानक गेला हो." उष्णतेने गेलेला टर्बो अचानक जात नाही. बरेच दिवस तो मर्यादेपलीकडे तापत आलेला असतो, पण डॅशबोर्डवर त्याची खबर देणारं काहीच नसतं. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर शांत उभा असतो. त्याला रेडिएटरचं कळतं, सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं नाही.

म्हणून ओळखीतला एक तरुण त्याची जुनी टर्बो डिझेल गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, रिमॅप करून घ्यायचाय, पिकअप कमी वाटतोय," तेव्हा मी एकच अट घातली. आधी एक्झॉस्ट तापमानाचं गेज बसवायचं, मूळ सेटिंगवर गाडी किती तापते ते बघायचं, मग ताकद वाढवायची. डिझेलमध्ये जितकं जास्त इंधन आणि जितकी कमी हवा, तितका एक्झॉस्ट गरम. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं, मुख्यतः जास्त इंधन. हातात आकडा नसताना ते वाढवणं मला पटत नाही. त्यालाही काम शिकायचं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरीच बसवायचं ठरलं.

पहिला वाद प्रोबच्या, म्हणजे वायूत बसून तापमान मोजणाऱ्या काडीच्या जागेवरून. त्याचं म्हणणं होतं, टर्बोनंतर, सायलेन्सरकडे जाणाऱ्या डाउनपाइपमध्ये बसवू. तिथे हात जातो आणि काही तुटलं तरी थेट सायलेन्सरकडे जातं. मुद्दा खोटा नाही. पण टर्बाइन वायूतली ऊर्जा काढून घेते, त्यामुळे तिच्यापलीकडे तापमान कमी दिसतं. जोराच्या लोडवर हा फरक शंभर-दीडशे अंशांचा किंवा त्याहूनही मोठा असू शकतो, आणि तो कायम सारखा नसतो. म्हणजे अमुक इतके मिळवा आणि खरा आकडा काढा, असं करता येत नाही. पिस्टन आणि टर्बाइन काय सोसतायत हे हवं असेल, तर प्रोब मॅनिफोल्डमध्येच हवा, चारही सिलिंडरच्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे. तिथे प्रोबचं टोक तुटलं तर ते टर्बाइनवर जातं, हा धोका मी मान्य करतो. त्यावर उपाय म्हणजे चांगल्या दर्जाचा, बंद टोकाचा प्रोब घेणं आणि तो अधूनमधून काढून बघणं.

मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच भोक पाडणारे मी पाहिलेत. कुणी ड्रिलला ग्रीस लावून कीस पकडतं, कुणी इंजिन चालू ठेवून कीस बाहेर उडवतं. मला दोन्ही नको. बिडाचा एक कण लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या पात्यावर आदळला तर काय होतं, ते मी टेबलावर पाहिलेलं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढली, हीट शील्ड सोडली, टर्बो उतरवला, मॅनिफोल्ड काढून जमिनीवर घेतला. स्टडचे नट गंजलेले होते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी सकाळचा बराच वेळ त्यातच गेला.

जागा निवडताना मी घाई करू देत नाही. भिंत पुरेशी जाड हवी. ईजीआरची, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात नेणारी वाट जवळ नको. पाना फिरायला जागा हवी, हीट शील्ड परत बसली पाहिजे, आणि वायर टर्बोला न चिकटता वर निघाली पाहिजे. खूण केली, पंच मारला, आधी बारीक ड्रिल, मग साधारण ८.७ मिलिमीटरचा. बीड कोरडंच कापतं, काळी पूड पडत राहते. आटे १/८ एनपीटीचे, म्हणजे निमुळते. टॅप जितका खोल जाईल तितकं भोक मोठं होत जातं. म्हणून थोडं कापायचं, टॅप काढायचा, फिटिंग लावून बघायचं, पुन्हा थोडं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. त्याने स्वतःच्या हाताने आटे पाडले आणि छान पाडले. टेफ्लॉन टेप तो घेऊन बसला होता. ती इथे जळून जाते. आटे जाम होऊ नयेत म्हणून निकेलचं अँटी-सीझ लावलं.

प्रोबचं टोक वायूच्या वाटेच्या मध्यावर यायला हवं. भिंतीजवळ राहिलं तर भिंतीचंच तापमान मिसळतं. फिटिंगमधला फेरूल, म्हणजे छोटं कडं, एकदा आवळला की प्रोबला चावून बसतो, मग खोली बदलता येत नाही. त्यामुळे मोजून, खूण करून, मगच शेवटचा पाना.

मॅनिफोल्ड आतून धुऊन, हवा मारून, चुंबक फिरवून स्वच्छ केला. नवी पॅकिंग घातली. टर्बो बसवताना त्याच्या ऑइलच्या तोंडात तेल भरलं आणि नंतर इंधन बंद ठेवून स्टार्टर मारला, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचल्यावरच इंजिन पेट घेईल. ही पायरी कंटाळ्याने गाळणारे बरेच असतात.

वायरिंग हा माझ्या दृष्टीने या कामाचा खरा गाभा आहे. आमचा प्रोब के टाइप थर्मोकपल होता, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, क्रोमेल आणि अल्युमेल, टोकाला जोडलेल्या. दोन्ही टोकांच्या तापमानात फरक पडला की त्यांत व्होल्टेज तयार होतं; झेबेकने हे १८२१ मध्ये पाहिलं होतं. हे व्होल्टेज फारच कमी असतं, एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. ७०० अंशांनाही जेमतेम २९ मिलिव्होल्ट. म्हणून वाटेतला प्रत्येक जोड महत्त्वाचा.

गेजची वायर केबिनमध्ये पोचायला थोडी कमी पडत होती. त्याने घरातली तांब्याची वायर काढली. मी थांबवलं. तांबं जोडलं की मोजणीचं थंड टोक, म्हणजे तारांचं गेजकडचं टोक, केबिनमधून उठून बोनेटखाली जातं, आणि गेजला ते कळत नाही. बोनेटखाली ८० अंश आणि केबिनमध्ये ३० असतील, तर गेज सरळ ५० अंश कमी दाखवेल. के टाइपचीच एक्स्टेंशन वायर आणून मगच पुढे गेलो. दुसरी गोष्ट रंगांची. एका पद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह असते, दुसऱ्या पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. घरचं वायरिंग करणारा हात सवयीने लाल तार प्लसला लावतो. त्याचाही हात तिकडेच गेला. मी त्याला चुंबक दिला आणि म्हटलं, रंग विसर, चिकटते ती अल्युमेल, ती निगेटिव्ह. लाल तार चुंबकाला हलकीच ओढली गेली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो बघायलाच मी असली कामं घरी जाऊन करतो.

हे सगळं मॅनिफोल्ड चढवण्याआधीच जोडून प्रोब बर्फाच्या पाण्यात बुडवला होता, मग उकळत्या पाण्यात. आकडे शून्याजवळ आणि शंभराजवळ आले. पुढे सगळा दिवस याच चाचणीने वाचवला.

संध्याकाळी गाडी काढली. आयडलवर दीडशेच्या आसपास, सपाट रस्त्यावर साडेतीनशे-चारशे. मग गावाबाहेरचा लांब चढ लागला. आकडा ६०० पार गेला, ६८० झाला, ७२०, आणि चढतच राहिला. ७५० ला मी त्याला ॲक्सिलरेटर सोडायला लावला. खालचा गिअर टाकून पुन्हा बघितलं; आरपीएम वाढले की हवा वाढते आणि डिझेलचं तापमान उतरायला हवं. फारसं उतरलं नाही. अशा इंजिनाला टर्बोआधी सलग ७०० च्या पलीकडे चालवायला माझा विरोध असतो, आणि ही तर मूळ सेटिंगवरची गाडी होती.

"काका, गेज चुकीचं दाखवतंय," तो म्हणाला.

"थर्मोकपल चुकलं तर बहुतेक कमी दाखवतं रे. तारा उलट्या, तर कमी. तांबं जोडलं, तर कमी. टोक भिंतीला, तरी कमी. हे जास्त दाखवतंय. आणि शंभराला शंभर दाखवताना तू स्वतः पाहिलंस."

मागे आरशात बघितलं तर काळा धूर. म्हणजे इंधन येत होतं आणि हवा कुठेतरी वाटेत गळत होती. टर्बोच्या आधीचा सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तेवढ्या हवेचं इंधन देतो. टर्बोनंतर गळती असेल तर मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. शिवाय तो दाब भरून काढायला टर्बोही जास्त राबतो.

घरी आल्यावर गाडी निवू दिली. टर्बोच्या हवेच्या तोंडात टायरचा व्हॉल्व बसवलेलं बूच घातलं, टायरच्या पंपाने एक बारच्या आत दाब भरला आणि होजवर साबणाचं पाणी शिंपडलं. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला खालच्या बाजूने, क्लिपच्या अगदी कडेला, बुडबुडे फुटले. वरून होज धडधाकट दिसत होता. चीर दाब आला तरच उघडायची. तिच्याभोवती ऑइलचा ओलसर डाग होता, पण तो आरसा धरल्याशिवाय दिसणारा नव्हता. हाच तो "पिकअप कमी वाटतोय".

नवा होज आणि नवी क्लिप आल्यावर तोच चढ, तोच गिअर, गाडीत तेवढीच माणसं. आकडा ६३० च्या आसपास जाऊन थांबला. धूर नाही. पिकअप इतका सुधारला की तो हसायलाच लागला.

रिमॅप आधी केला असता तर काय झालं असतं, हे मी त्याला तिथेच, गाडी बाजूला घेऊन सविस्तर सांगितलं. त्या चिरेसकट आणखी इंधन दिलं असतं, तर आकडा ८०० च्या पुढे गेला असता. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन तग धरतो तो खालून तेल आणि बाजूने पाणी त्याची उष्णता सतत ओढून नेतं म्हणून, आणि जळणारा वायू त्याला क्षणभरच भिडतो म्हणून. ही सवलत अमर्याद नाही.

गेजचा अलार्म आम्ही ७०० वर लावला. चढ चढून आल्यावर आकडा दोनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलला ठेवायचं, मग बंद करायचं, हेही ठरलं. काही दिवसांनी त्याने बोनेट उघडून फिटिंगभोवती काजळीचा माग आहे का ते बघितलं, नव्हता. मॅनिफोल्डचे नट थंड असताना पुन्हा तपासले, त्यातला एक किंचित सैल निघाला, तो आवळला. रिमॅपचा विचार त्याने सोडलेला नाही. करणाऱ्याला तो आता "लांब चढावर, तिसऱ्या गिअरला, टर्बोआधी ६३०" असं सांगणार आहे.