चवीपुरते सरकार

पाककृतीच्या पुस्तकांतली सगळ्यात शहाणी ओळ म्हणजे ‘मीठ चवीपुरते’. हळद पाव चमचा, धणे दोन चमचे, ओले खोबरे एक वाटी असा हिशेब काटेकोर मांडणारी लेखिका मिठापाशी आली की बाजूला होते. तुमचे घर, तुमची जीभ, तुम्ही बघा. राज्य कसे चालवावे याबद्दलचे माझे मतही साधारण एवढेच आहे. आमच्या घरात या मताला ‘झालं ह्यांचं सुरू’ असे म्हणतात.

मे महिन्यात गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेताची झुंबड असते. पावसाळ्याची बेगमी: सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोले, मिरच्या आणि गावठी मीठ. पेडण्याकडच्या आगरवाड्याचे, नेरूलचे, रायबंदरचे. पिशवीतल्या मिठासारखे ते भुरभुरत नाही. खडे जाडे, रंगाला करडी झाक, हाताला ओलसर; मूठ उघडली तरी चार खडे तळव्याला चिकटून राहतात आणि धुतल्यावर वाटीच्या तळाशी मिठागराची चिमूटभर माती उतरते. विकणारी बाई माप भरते आणि वर एक मूठ तशीच टाकते. त्या वरच्या मुठीचे पैसे नसतात. माशाच्या हुमणात हे मीठ पडले की काय होते ते लिहून सांगण्यात अर्थ नाही.

आता गंमत बघा. हे मीठ माणसाने थेट खाण्यासाठी म्हणून विकायला कायद्याने मनाई आहे, कारण त्यात आयोडीन घातलेले नसते. 1998 साली केंद्राने ही बंदी घातली, 2000 साली उठवली, 2006 साली पुन्हा घातली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की ज्या नियमाखाली बंदी घातली, तो नियम करण्याचा अधिकारच सरकारला तेव्हाच्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने नव्हता. पण बंदी लगेच उठवली नाही, सहा महिने मुदत दिली. तेवढ्यात नवा अन्नसुरक्षा कायदा लागू झाला आणि त्याच्या नियमावलीत बंदी पुन्हा येऊन बसली. सरकार दारातून घालवले तर न्हाणीच्या बाजूने आत येते, ते असे.

नियमाला अपवाद आहेत. हेच मीठ जनावरांसाठी, कारखान्यासाठी आणि पदार्थ टिकवण्यासाठी तसे लेबल लावून विकता येते. म्हणजे आमच्या बरणीत कैऱ्या दगडाखाली दाबून चेपणीचे तोर घातले की मीठ कायदेशीर. आंब्याच्या अंगात मुरून ते मीठ पेजेबरोबर माझ्या पोटात गेले, तरी हरकत नाही. तीच चिमूट मी सरळ पेजेत टाकायला मागितली, तर विकणारीने गुन्हा केला. माझ्या जठराला हा फरक कोणी समजावून सांगितलेला नाही.

बायकोचे म्हणणे वेगळे. ती म्हणते, “तुमच्या स्वातंत्र्याला गलगंड होत नाही, माणसाला होतो.” तिचे खरे आहे. आयोडीन कमी पडले तर गळा सुजतो हे निदान डोळ्यांना दिसते तरी. गरोदरपणी कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, तो दिसतही नाही. डोंगराळ मुलखात, जिथे मातीतच आयोडीन नाही आणि समुद्राची मासळी ताटात येत नाही, तिथे पिशवीतल्या मिठाने फार मोठे काम केले आहे, आणि तेही स्वस्तात. गावठी मिठात समुद्राचे आयोडीन असतेच, असे आमच्याकडे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसे नाही, नाममात्र असते. गोव्यातल्या माणसाला ते मिळते मासळीतून. माझे भांडण आयोडीनशी नाहीच. दोन्ही मिठे शेजारी ठेवा, एकावर मोठ्या अक्षरांत ‘यात आयोडीन नाही’ असे लिहा, आणि मग व्हा बाजूला. घरात मी दोन बरण्या ठेवल्या आहेत. कुठली कधी उघडायची हे बायको ठरवते. घरातल्या सरकारविषयी मी लिहीत नाही.

मिठाच्या भांड्यात सरकारचा हात आमच्याकडे जुनाच. 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढले. नवख्रिश्चनांनी धोतर नेसू नये, चोळी घालू नये, तुळस लावू नये अशा लांबलचक यादीत एक कलम असे होते की भात अळणी शिजवून मीठ वरून घालू नये, कारण ती हिंदूंची रीत. कल्पना करा, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात भाताला आधण आले आहे आणि मीठ आत पडले की बाहेर राहिले यावर धर्मन्यायालयाचा डोळा. पुढे 1878 च्या तहात पोर्तुगालने गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. त्या तहातून आम्हाला मुरगावची रेल्वे मिळाली. मिठागरवाल्यांचे मात्र दिवाळे वाजले आणि अनेकांनी पोटापाण्यासाठी गाव सोडले. 1892 मध्ये तह संपला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात तर लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. नवरा-नवरीच्या नावांत त्यांना काय सापडत असेल, देव जाणे.

ती परकी राज्ये होती म्हणावे, तर आपली काय मागे आहेत? 2016 साली गोव्याच्या विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला वगळले आणि माड झाड राहिला नाही. 2017 मध्ये सरकार बदलल्यावर त्याला राज्यवृक्ष करायचे ठरले. माड दोन्ही वर्षी तिथेच उभा होता. 2024 मध्ये म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी नको म्हणून. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणे. मला तो लाल प्रकार आवडत नाही, पण नावडत्या पदार्थाची बाजू घेता आली तरच या मताला काही किंमत. रंग चुकीचा असेल तर रंग पकडा. कोबीने काय केले?

एका बंदीवर मात्र मी गप्प बसतो. वर्तमानपत्रात खाण्याचा पदार्थ बांधून द्यायचा नाही, असे 2018 चे पॅकेजिंगचे नियम सांगतात. छपाईची शाई पोटात जाऊ नये हे कळते. तरीही मिरची भजी संपल्यावर तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर पुढची बातमी आणि मागची जाहिरात एकदम वाचता यायची, ते सुख गेले. अर्थसंकल्प आणि मूळव्याधीवरचा उपाय एकाच ओळीत.

हे सगळे वरून लादले जाते असे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे. आमच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर मला तसे म्हणू देत नाहीत. ते सकाळी पेन्सिल घेऊन पेपर वाचतात आणि दुपारी संपादकांना पत्र लिहितात. रस्त्यावरचा कुत्रा, शेजाऱ्याचा लाऊडस्पीकर, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोळीचे घटलेले वजन, कुठलाही विषय असो, शेवट ठरलेला: ‘तरी संबंधितांनी त्वरित लक्ष घालावे.’ पत्रांचे सदर उघडून बघा, सगळी पत्रे याच ओळीवर येऊन थांबतात. सरकार आगंतुक म्हणावे, तर आमंत्रण रोज छापून जाते. पोदेराला सरळ जाऊन ‘बाबा, पोळी हलकी झाली’ म्हणायला मात्र कोणाला सवड नसते.

परवा मास्तर नवे पत्र घेऊन आले. विषय गावठी मीठ. बाहेरून ट्रकने आलेले मीठ गोव्याचे म्हणून विकतात, असा त्यांचा संशय. तेव्हा फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तसे मिठालाही द्यावे, विक्रेत्यांना परवाने द्यावेत, तपासायला निरीक्षक नेमावेत. मी म्हटले, “मास्तर, निरीक्षक आला की पहिल्यांदा त्या बाईलाच उठवेल. तिच्या मिठात आयोडीन नाही.”

मास्तरांनी थोडा वेळ विचार केला. निरीक्षक खोडला, परवानेही खोडले. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “बघ, आता तुझ्या मताचं झालं का?”

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “ही पण काढा.”

“ही काढली,” मास्तर म्हणाले, “तर याला पत्र कोण म्हणेल?”