वर्कक्यूवरचं काम आणि मेमरीचा पेच

लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलमधला कोड) लिहिणारा प्रत्येक जण एक नियम पाठ करतो: इंटरप्टमध्ये (उपकरणाच्या हाकेला तत्काळ धावणाऱ्या कोडमध्ये) झोपायचं नाही, म्हणजे वाट बघत थांबायचं नाही, तिथे मेमरी मागताना थांबू न देणारी खूण जीएफपी_अ‍ॅटॉमिक, काम वर्कक्यूवर (मागून वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या कामांच्या रांगेवर) ढकललं की खुशाल थांबू देणारी जीएफपी_कर्नल. नियम खरा, पण अर्धा. गोव्यातल्या वेर्ण्यात कोणी स्टोरेजच्या ड्रायव्हरवर काम करत असेल, तर उरलेला अर्धा त्याला गाठणारच.

जीएफपी_कर्नलने मागितलेली मेमरी शिल्लक नसली, की मागणाऱ्यालाच रिक्लेमला, म्हणजे मेमरी मोकळी करायला, जुंपलं जातं. पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) स्वॅपवर, म्हणजे डिस्कवर, लिहायला निघतात, चालू लिखाण संपायची वाट बघितली जाते. ते लिखाण पुरं करणारं काम तुमच्याच वर्कक्यूत असेल आणि तेच मेमरीसाठी थांबलं असेल, तर संपलं. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या गाड्या रॅम्पवर येऊन ठाकल्या की फेरीतल्यांना उतरता येत नाही, आणि ते उतरेपर्यंत ह्यांना चढता येत नाही. तसंच हे.

म्हणून ब्लॉक ड्रायव्हरच्या वाटेवर जीएफपी_नोआयओ (रिक्लेमने नवं आयओ सुरू करायचं नाही) आणि फाइलसिस्टमच्या वाटेवर जीएफपी_नोएफएस (फाइलसिस्टममध्ये शिरायचं नाही). त्याहून बरं म्हणजे मेमअ‍ॅलॉक_नोआयओ_सेव्ह आणि त्याची रिस्टोअर जोडी (कर्नल ३.९ पासून, नोएफएसची ४.१२ पासून). ह्या दोघांच्या आतल्या फंक्शनांनी जीएफपी_कर्नल मागितलं तरी बंधन टिकतं. मात्र ही खूण थ्रेडवर असते. सेव्ह करून काम रांगेत टाकलंत तर वर्करला (ते काम चालवणाऱ्या थ्रेडला) त्याचा पत्ता नसतो. कामाच्या फंक्शनमध्येच ती पुन्हा लावावी लागते. हे फार जणांच्या नजरेतून सुटतं.

तुमचा कोड एक बाइटही मागत नसला तरी पेच पडतो. वर्करांच्या पूलमधले सगळे झोपलेले असले तर नवा थ्रेड बनवावा लागतो, आणि त्यालाही मेमरी लागते. रिक्लेम जिच्यावर अवलंबून आहे अशी रांग डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेम ही खूण लावूनच बनवा. मग रेस्क्यूअर (राखीव) थ्रेड सुरुवातीलाच तयार होतो आणि नवा वर्कर बनेना, की पूल त्याला हाक मारतो. रेस्क्यूअर रांगेमागे एकच, त्यामुळे एका कामाने त्याच रांगेतल्या दुसऱ्या कामासाठी थांबायचं नाही. अशा रांगेतून सिस्टम_डब्ल्यूक्यूवरचं (कर्नलच्या सामाईक, रेस्क्यूअर नसलेल्या रांगेवरचं) काम फ्लश केलंत, म्हणजे ते संपेपर्यंत थांबलात, तर कर्नल वॉर्निंग छापतो. ती दाबू नका.

रेस्क्यूअर थ्रेड देतो, मेमरी नाही. ती मेमपूलमध्ये (आधीच बाजूला काढलेल्या साठ्यात) ड्रायव्हर लोड होतानाच राखून ठेवायची. एकाच कामाने एकाच पूलमधून दोन वस्तू घेतल्या तर तिथेही अडकण्याची शक्यता असते: दोन कामांनी एकेक घेतली आणि पूल रिकामा झाला, की दोन्ही दुसरीची वाट बघत बसतात.

पळवाट म्हणून वर्कक्यूत जीएफपी_अ‍ॅटॉमिक वापरणं मला पटत नाही. तो राखीव साठ्यात हात घालतो, जो इंटरप्टमध्ये आलेल्या नेटवर्क पॅकेटांना लागतो, आणि तरीही अपयशी ठरू शकतो.

तपासायला लॉकडेप (लॉकांचे पेच पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवा आणि कमी मेमरीच्या व्हीएममध्ये (आभासी मशीनमध्ये) स्वॅप तुमच्या ड्रायव्हरच्याच डिव्हाइसवर ठेवून लिखाणाचा मारा करा. चार केबींची पानं असतील तर ३२ केबीपर्यंतची जीएफपी_कर्नल मागणी सहसा नाकारली जात नाही. म्हणून चुका हाताळणारा कोड कधी चालतच नाही. तो चालवून बघायला मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारा फेलस्लॅबच लावावा लागतो.