आंबलेली खिचडी

एप्रिल २०२०, लॉकडाऊनचा तिसरा आठवडा. रत्नागिरीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून रोज ४०० माणसांची खिचडी निघायची. मिरकरवाड्याला होड्यांवर अडकलेले खलाशी, एसटी स्टँडजवळचे बेघर, पावसच्या बाजूचे आंबाबागांतले नेपाळी राखणदार. सरकारी शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ वर आली होती, पण कातळावरच्या बागेतून थाळीच्या केंद्रापर्यंत येणार कोण? मोफत धान्य रेशनकार्डावर, आणि नेपाळहून आलेल्याकडे ते कुठलं असायला!

शाळेच्या पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरतात. तोच हिशोब कामकरी माणसांना लावून आधी फसलो होतो. मग माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ असं ठरलं. एका टोपात १० किलोच तांदूळ, मीठ ३५० ग्रॅम, असे सहा टोप. याहून जास्त घातलं की वरचा भात कच्चा आणि तळ करपलेला. करपलाच तर झारा तळाला लावायचा नाही, वरची खिचडी अलगद दुसऱ्या टोपात काढायची.

त्या दिवशी खिचडी झकास उतरली होती. आचाऱ्याने शेवटी वरून ओलं खोबरं पेरलं. पंगतीत लगेच वाढायचं तर ठीक, पण न शिजलेलं खोबरं उन्हाळ्यात सगळ्यात आधी आंबतं. ११ वाजता वाफाळती खिचडी पिशव्यांत भरून गाठी मारल्या, क्रेटमध्ये एकावर एक रचल्या. नाकाबंदीत वेळ गेला. बागेत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते.

पिशवी सोडली तर आंबूस भपकारा. चमचा उचलला तर बारीक तार. मधल्या थरातल्या पिशव्या तर अजून कोमट होत्या, आणि घात तिथेच होतो: भात ६० अंशांच्या वर राहिला तर चालतो, पण कोमट राहिला की जंतूंचं फावतं.

१४० पिशव्या. "साब, धो के खा लेंगे," एक राखणदार म्हणाला. धुऊन काय, उकळूनही भागत नाही. या जंतूंचं विष उकळीला दाद देत नाही. खड्डा त्यांनीच खणून दिला, त्यात सगळं पुरलं.

गाडीत उकड्या तांदळाचा कट्टा होता. बागेत चूल, लाकडं, विहीर, सगळं होतं. १५ किलो धुऊन पेज टाकली. तासाभराने दाणा फुटल्यावर मीठ घातलं, गळलेल्या कैऱ्या मिरची-मिठात ठेचल्या.

म्हणजे चूल तिथे पहिल्यापासून होती. होड्यांवरही स्टोव्ह होते. विचारलं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बागांना आणि होड्यांना कोरडा शिधा: माणशी आठवड्याला ३ किलो तांदूळ, ७०० ग्रॅम डाळ, पाव लिटर तेल, मीठ, हळद, कांदे. शिजवलेलं फक्त स्टँडवर. तेही पिशव्यांत नाही. टोपाला गोणपाट गुंडाळून न्यायचं, तिथेच वाढायचं, दोन तासांत टोप रिकामा. खोबरं बंद, आंबटाला आमसूल. आचारी दोन दिवस फुगून होता.

शिध्याच्या पहिल्या खेपेत काडेपेट्या राहिल्या. त्यासाठी गाडी पुन्हा पिटाळावी लागली.