वीस मिनिटांचा किनारा

हर्णै बंदरात मासेमारीची मोठी होडी थेट वाळूला लागत नाही. ती खोल पाण्यात थांबते आणि मासळी छोट्या होडीतून, नाहीतर बैलगाडीतून लिलावाला येते. मोठी होडी आणि वाळू यांच्यामधला तो कंबरभर पाण्याचा पट्टा हीच माझी शाळा. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली : लाट दिसली की होडीचं तोंड तिच्याकडे करायचं, लाट कुशीवर घ्यायची नाही.

आता मी तेच काम अंटार्क्टिकात करतो. जहाज खाडीत उभं राहतं आणि झोडियाक म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून दहा-दहा प्रवासी किनाऱ्यावर न्यायचे. मागे साठ अश्वशक्तीचं इंजिन, माझ्या अंगाला अडकवलेली लाल दोरी. मी पाण्यात पडलोच तर ती दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. पाण्याचं तापमान एक अंशाच्या आसपास. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच काम करेनासे होतात, म्हणून चढताना-उतरताना तळव्याला तळवा नाही, मनगटाला मनगट धरायचं. ओला तळवा निसटतो. मनगट निसटत नाही.

मला सांगायचंय ते मात्र लाँड्रीतल्या काकांबद्दल.

काका वास्कोचे, हेडलँड सड्यावरचे. जहाजावर आम्ही दोघंच घरचं बोलू शकणारे. ते कोकणी-मराठीच्या मिश्रणात, मी दापोलीकडच्या मराठीत. लाँड्री जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. तिथं खिडकी नाही. १८० प्रवाशांच्या चादरी, टॉवेल, शिवाय आम्हा सगळ्यांचे गणवेश. बाहेर शून्य अंश, आत ड्रायरच्या वाफेनं बनियन भिजलेलं. हा त्यांचा सहावा हंगाम होता आणि शेवटचा. गुडघे थकले होते.

सहा हंगामांत त्यांनी अंटार्क्टिकावर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वेळापत्रकच तसं असतं. प्रवासी किनाऱ्यावर गेले की केबिन साफ होतात, म्हणजे लाँड्रीत कपड्यांचे डोंगर तेव्हाच येतात. रात्री प्रवासी झोपतात तेव्हा जहाज पुढच्या खाडीकडे निघालेलं असतं. चोवीस तासांत दहा तास विश्रांती द्यायलाच हवी असा समुद्री कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो पाळायचा तर उरलेला तास-अर्धा तास कुठून काढणार? स्वयंपाकघर, इंजिनरूम, लाँड्री, सगळ्यांचं तेच. ज्या प्रवासाला मोहीम म्हणतात ती मोहीम ज्यांच्या हातांवर चालते, त्यातले बरेच जण ती ऐकूनच घरी जातात.

ऐकून हा शब्द मी उगाच वापरला नाही. काकांना बर्फ आवाजावरून कळायचा. जहाजाचा पत्रा एवढा जवळ की बाहेरून घासत जाणारा प्रत्येक तुकडा आत ऐकू येतो. भुगा असेल तर वाळू घासल्यासारखा, मोठा तुकडा असेल तर आधी धप्प आणि मग लांबलचक करकर. नवीन पोरं पहिल्या रात्री घाबरायची, कारण एक्सप्लोररची गोष्ट सगळ्यांनीच ऐकलेली असते. पर्यटकांना इकडे आणण्यासाठीच १९६९मध्ये बांधलेलं ते जहाज २३ नोव्हेंबर २००७ला किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडालं. १५४ माणसं, सगळी वाचली, पण उघड्या बोटींत गारठत बसून. काका पोरांना म्हणायचे, ‘‘हा आवाज घासण्याचा आहे, फुटण्याचा नाही. झोप.’’

रोज रात्री जेवताना ते मला विचारायचे, ‘‘आज काय दिसलं?’’ आणि मी सांगायचो.

त्यांच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपल्या अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या तळांचा सगळा कारभार तिथून चालतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ला गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला बर्फावर उतरली. काका तेव्हा दहा वर्षांचे. जहाज निघताना कुणाला फारसं कळलंच नव्हतं. मोहीम पोचल्याचं वर्तमानपत्रात आलं तेव्हा वडिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, ही त्यांची आठवण. नंतर सड्यावरची ओळखीची माणसं मैत्रीला जाऊन आली. ‘‘शेजारी विचारतात, तू तर दरवर्षी जातोस, कशी आहे रे ती जमीन?’’ हे सांगताना काका चादरीची घडी घालत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

मी मोहीमप्रमुख बाईंकडे गेलो. त्या बराच वेळ वेळापत्रकाकडे बघत बसल्या. म्हणाल्या, ‘‘नेको हार्बर. दुपारी शेवटचे प्रवासी परतले की. वीस मिनिटं.’’

आदल्या संध्याकाळी मी काकांच्या कपड्यांची तपासणी केली. हे प्रत्येकाला करावंच लागतं. बाहेरचं एक बीसुद्धा या खंडावर जाता कामा नये. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या तळाजवळ असंच एक बाहेरचं गवत माणसांबरोबर आलं आणि रुजलं. त्यामुळे खिसे उलटे करायचे, जॅकेटच्या चिकटपट्ट्या व्हॅक्यूमनं ओढायच्या, शिवणी चिमट्यानं बघायच्या. काकांच्या लोकरी मोज्यात एक कुसळ निघालं. सड्यावरच्या गवताचं, गेल्या सुट्टीतलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन बघितलं, मग मी पुढे केलेल्या पिशवीत टाकलं.

नेको हार्बर अँडव्होर्ड खाडीत आहे, जवळजवळ ६५ अंश दक्षिणेला. शंभर वर्षांपूर्वी देवमाशांची चरबी काढणारं नेको नावाचं जहाज इथं येत असे, त्याचं नाव राहिलं. आम्ही उतरवतो त्या बऱ्याच जागा बेटांवर आहेत, नेको मात्र खंडाच्या मुख्य भूमीवर. किनारा लहानसा, वर जेंटू पेंग्विनांची वसाहत, आणि समोरच हिमनदीची भिंत. या भिंतीचा तुकडा पाण्यात कोसळला की लाट सरळ किनाऱ्यावर येते. म्हणून तिथं पहिला नियम असा की उतरलेल्या माणसानं पाण्याजवळ रेंगाळायचं नाही, लगेच चढावर जायचं. एरवीही एका वेळी किनाऱ्यावर १०० प्रवाशांपेक्षा जास्त नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर, आणि बर्ड फ्लू इकडे पोचल्यापासून जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी ठेवणं, सगळं बंद.

सकाळ छान गेली. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. अकराच्या सुमारास मी परतीचे प्रवासी भरत होतो. आठ जण बसले होते, एक वयस्कर जोडपं अजून खडकाळ किनाऱ्यावर, आजोबांचा एक पाय पाण्यात. तेवढ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. आवाज पोचतो तेव्हा बर्फ पडून झालेला असतो. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा धूर उठलेला दिसला आणि त्याच्यापुढे पाण्यावर एक काळसर रेघ.

अशा वेळी होडी किनाऱ्याला ठेवायची नाही. लाट तिला उचलून खडकांवर टाकते, आतल्या माणसांसकट. मी गाईडला ओरडून सांगितलं, ‘‘दोघांना वर ने!’’ आणि मागे घेत होडी खोल पाण्यात नेली. ते जोडपं माझ्याकडे बघत राहिलं. आपल्याला सोडून होडी निघाली, असं त्यांना वाटलं असणार. गाईडनं आजोबांच्या काखेत हात घातला आणि तिघं चढाला लागली. मी होडी फिरवली, तोंड लाटेकडे केलं. खोल पाण्यात ती लाट नुसती फुगते, फुटत नाही. आम्ही वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. आतले आठ जण गप्प. मागे किनाऱ्यावर तीच लाट फुटली. मघाशी आजोबा उभे होते तिथं छातीभर पाणी आणि फ्रीजएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते. कुणाला काही झालं नाही. आजीबाईंनी नंतर होडीत बसताना माझं मनगट धरलं ते जहाजाला लागेपर्यंत सोडलं नाही.

पण कोसळलेला बर्फ कुठं जाणार? तो भुगा होऊन हळूहळू सगळ्या खाडीत पसरला. दुपारी किनाऱ्यापर्यंतच्या पाण्यात पाण्यापेक्षा बर्फच जास्त होता. वल्ह्यानं तुकडे बाजूला लोटत, इंजिन मधेच उचलत, एरवी पाच मिनिटांच्या खेपेला वीस मिनिटं लागू लागली. बर्फाचा तुकडा पंख्यात गेला तर होडी तिथंच अडकणार. साडेचारला शेवटचे प्रवासी परतले तेव्हा रेडिओवर ब्रिजची, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांची सूचना आली : आवरून घ्या, बर्फ दाटतोय.

मी गँगवेशी होडी लावली. काका तिथं उभे होते. उसने बूट, लाइफजॅकेट, केस पाणी लावून विंचरलेले. रेडिओ त्यांनीही ऐकला होता. ते काही बोलले नाहीत, फक्त एक पाऊल मागे सरकले, दुसऱ्या कुणाला वाट द्यावी तसे.

मोहीमप्रमुख अजून किनाऱ्यावरच होत्या, आपत्कालीन सामानाचे पिंप परत आणायचे होते. म्हणजे एक खेप होणारच होती. मी रेडिओवर विचारलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग त्या म्हणाल्या, ‘‘पिंपं भरेपर्यंत. त्यांना घेऊन ये.’’

वाटेत मी एका ठिकाणी इंजिन बंद केलं. तेवढा वेळ नव्हता, तरी केलं. त्या शांततेत चहूकडून तडतड ऐकू आली, लाह्या फुटाव्यात तशी. हिमनदीच्या बर्फात खूप जुनी हवा दाबून अडकलेली असते. बर्फ वितळला की तिचे बुडबुडे फुटतात. काकांनी मान तिरकी केली. ‘‘हे आत येत नाही ऐकू,’’ ते म्हणाले. ‘‘पत्र्यातून नाही येत.’’

किनाऱ्याला लागल्यावर मी मनगट पुढे केलं. ते उतरले, पाण्यातून दोन पावलं चालले, आणि खडकावर पाय ठेवताच त्यांचा उजवा हात खाली गेला. देवळाची पायरी चढताना जातो तसा, न विचारता. मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘हात लावला तर?’’

मला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं ते मी लिहू शकत नाही. पण वर वसाहतीत पंधरा-वीस दिवसांची पिल्लं होती, आणि आदल्या संध्याकाळी कुसळ पिशवीत टाकायला लावणारा मीच होतो. मी म्हटलं, ‘‘नको काका.’’

त्यांनी हात वर घेतला. तसेच उभे राहून दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. बर्फाची पाऊलवाट, वरचा कडा, वसाहतीचा कलकलाट आणि तो उग्र वास, आणि त्यात केशरी लाइफजॅकेट घातलेले काका हात जोडून. मोहीमप्रमुख पिंप उचलायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. मग काका वसाहतीच्या दोरापर्यंत चालत गेले आणि तिथं उभे राहिले. फोन माझ्या खिशात होता, फोटो काढू का विचारलं तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना बघायचं होतं.

वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘देव बरें करूं,’’ एवढंच म्हणाले.

जहाजावर चढलं की बूट धुवावे लागतात. आधी ब्रश, मग जंतुनाशकाची तबकं. बुटाच्या खाचांत पेंग्विनांची गुलाबी विष्ठा बसलेली असते. ते क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव खातात म्हणून ती गुलाबी. मी ब्रश घेऊन बसलो तर काकांनी तो माझ्याकडून घेतला. त्यांनी प्रत्येक खाच स्वतः घासली, सुईनं एकेक खडा काढला आणि तबकात टाकला. शेवटचा खडा शेंगदाण्याच्या पाकळीएवढा होता. तोही त्यांनी टाकला. मग घड्याळ बघून म्हणाले, ‘‘मशीन थांबून दहा मिनिटं झाली,’’ आणि जिना उतरून गेले.

रात्री जेवताना मी सवयीनं बोलायला तोंड उघडलं, पण लाँड्रीतल्या नव्या पोरानं काकांना विचारलं होतं, ‘‘काय दिसलं?’’ आणि काका सांगत होते. दोराजवळच्या एका घरट्यात मादी पिल्लांवर बसली होती. नर लांबून चोचीत एक गोटा घेऊन आला, तिच्यापुढे ठेवला, मान वाकवली आणि परत गेला. शेजारच्या घरट्यातल्या पेंग्विननं तो गोटा गुपचूप उचलून स्वतःच्या घरट्यात लावला. नर दुसरा घेऊन आला. तोही उचलला. तिसऱ्या वेळी नर गोटा ठेवून गेलाच नाही, त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला.

नेकोला मी पन्नासेक वेळा उतरलो असेन. हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी भात कालवत ऐकत राहिलो.