आमची वाटचाल : फाउंड्रीच्या तुकड्यांपासून उल्केपर्यंत

हिंगणा एमआयडीसीत आमची छोटीशी लॅब आहे. फाउंड्रीवाल्यांचे तुकडे येतात, ते कापायचे, पेपरवर घासायचे, आरशासारखे पॉलिश करायचे, मग नायटल म्हणजे स्पिरिटमधलं नायट्रिक ऍसिड लावायचं न मायक्रोस्कोपखाली दाणे बघायचे, इतकंच काम. उल्का वगैरे डोक्यातही नव्हतं.

मग इतवारीतला एक सराफ अंगठी घेऊन आला. "भाऊ, हे आकाशातलं लोखंड हाय म्हणते, पट्टे तर पाहा!" पट्टे झकास होते, तिरपे, एकमेकांना छेदणारे, पण कडेला बघितलं तर काहीच नाही, कोरी. अहो, खऱ्या उल्केत हे पट्टे म्हणजे कमी न जास्त निकेलच्या लोखंडाचे थर, लाखो वर्षं हळूहळू थंड होताना आतच वाढलेले, ते कडेवर येऊन गायब कसे होतील? मी 600 चा पेपर मारला, दोन मिनिटांत साफ. परत नायटल लावलं, ढिम्म. हॉलमार्किंगवाल्या मित्राच्या मशीनवर निकेल 8 टक्के निघालं, सराफ खुश, पण शेजारी क्रोमियम 18. राजे हो, हे तर जेवणाच्या ताटाचं स्टील, वरून लेझर मारलेली!

त्याने बाजारात सांगितलं आणि असले तुकडे यायला लागले. लोणारहून उचललेले दगडही येतात, चुंबकाला चिकटतो म्हणून. बसाल्टही थोडा चिकटतो हो, त्यात मॅग्नेटाईट असतं.

एकदा मात्र मीच आपटलो. एका पोराचं लॉकेट, नायटल लावलं तर पट्ट्यांची जाळीच नाही, सरळ नकली लिहून दिलं. तो अर्जेंटिनाच्या कॅम्पो डेल सिएलो उल्केचा तुकडा निघाला, त्यात एकेक पट्टा 3 मिलीमीटरच्या आसपास जाड असतो, एवढ्याशा लॉकेटमधे जाळी दिसणार कुठून? नामिबियाच्या गिबिऑनचे पट्टे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे, मी तेच डोळ्यासमोर ठेवून बसलेलो. आणि निकेल फार कमी किंवा फार जास्त असलेल्या काही लोखंडी उल्कांत तर ही जाळी नसतेच. पैसे परत केले, पोराला चहा पाजला, तरी तो चार दिवस फोनवर बोलला नाही.

तेव्हापासून जाळी नसली तर "नकली" लिहीत नाही, आधी निकेल न क्रोमियम बघतो. जाळी असली तर कडेला थोडं घासून परत नायटल. घासण्याआधी गिऱ्हाईकाची सही घेतो, कारण घासलेला लेझर परत येत नाही न मग भांडण आपल्याशी. ती पहिली अंगठी सराफाने नेलीच नाही, ड्रॉवरमधे पडून आहे, अर्धी पट्ट्यांची, अर्धी कोरी.