अमेलिया बेटावरचा हिरवा क्रॉस

फ्लोरिडाच्या ईशान्य टोकाला, जॉर्जियाच्या हद्दीला खेटून अमेलिया बेट आहे. पर्यटक फर्नांडिना गावातली दुकानं आणि कोळंबीच्या बोटी बघून परततात. मला बघायचं होतं ते थोडं उत्तरेकडचं ओल्ड टाऊन. तिथला प्लाझा सान कार्लोस म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरचं गवताळ मैदान. स्पॅनिश किल्ला लाकूड-मातीचा होता, त्याची आता खूणही नाही. गवतातली कुसळं मोज्यांत रुतत होती. खाली अमेलिया नदी, पलीकडे नजर जाईल तिथवर खाजण.

२९ जून १८१७ रोजी ग्रेगर मॅकग्रेगर हा स्कॉटिश सेनानी जेमतेम पन्नास-पंचावन्न माणसं घेऊन या बेटावर उतरला. फ्लोरिडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, आणि व्हेनेझुएलात तो स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनानी सिमोन बोलिव्हारच्या बाजूने लढला होता. मोठी फौज येतेय अशी आवई त्याने आधीच उठवली होती. किल्लेदार फ्रान्सिस्को मोरालेसने घाबरून किल्ला खाली केला, आणि पांढऱ्या कापडावर हिरवा क्रॉस असलेला झेंडा वर चढला. फ्लोरिडाचं प्रजासत्ताक जाहीर झालं. कोणत्याही देशाने त्याला मान्यता दिली नाही.

मोहिमेसाठी मॅकग्रेगरने फ्लोरिडातल्या जमिनीची हमीपत्रं विकली होती. जमीन अजून स्पेनची! पैसा संपला, कुमक आली नाही, सप्टेंबरात तो निघून गेला. मागून आलेल्या लुई ऑरी या फ्रेंच खासगी आरमारवाल्याने (परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणाऱ्याने) मेक्सिकोचा झेंडा लावला. २३ डिसेंबरला अमेरिकन सैन्याने बेट ताब्यात घेतलं.

इथे ही कथा समुद्री साहसाची म्हणून रंगवली जाते, ते मला पटत नाही. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी होती आणि स्पेनच्या हद्दीतलं हे बंदर चोरट्या व्यापाराचा अड्डा बनलं होतं. ऑरीच्या काळात जप्त केलेल्या जहाजांवरची आफ्रिकन माणसं इथूनच जॉर्जियात विकली गेली. झेंड्यावर स्वातंत्र्य आणि धक्क्यावर माणसांची विक्री! सेनापतींची नावं पाठ आहेत, त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही.

म्हणून दुपारी बेटाच्या दक्षिणेला अमेरिकन बीचवर गेलो. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना समुद्रकिनारे बंद होते, तेव्हा विमा व्यावसायिक ए. एल. लुईस यांनी १९३५ मध्ये त्यांच्यासाठी ही वसाहत उभारली. अमेलियाला गेलात तर प्लाझा बघाच, पण अमेरिकन बीच चुकवू नका.